सासरे, मी आणि तीन वायरी

आमच्या घरात मी 'मी करतो' असं म्हटलं, की आमची ही आधी जाऊन मेन स्विच बंद करायची आणि मग शांतपणे विचारायची, "काय करताय?" (हा अनुभवाचा भाग होता. मिक्सर, गीझर आणि दारावरची बेल या तिन्ही वस्तू मी स्वतःच्या हातांनी दुरुस्त केलेल्या आहेत आणि तिन्ही नंतर नव्या आणाव्या लागलेल्या आहेत.) पण त्या दिवशी मी ते वाक्य घरात न बोलता भर दुकानात बोललो. तिथला मेन स्विच कुठे आहे हे हिला माहीत नव्हतं, म्हणून पुढचं सगळं घडलं.

दुकान होतं जुन्या टेपा डिस्कवर करून देणाऱ्याचं. आम्ही हिच्या माहेरच्या व्हिडिओ टेपांची पिशवी घेऊन गेलो होतो. दुकानदाराने एक टेप प्रकाशात धरली, आत पाहिलं, आणि डॉक्टर एक्स-रे बघून करतात तसं "हं" केलं.

"बुरशी धरायला लागलीय. ठेवून जा. नंबर लागला की करतो."

त्याच्यामागे कपाटात, जमिनीवर, स्टुलावर लोकांच्या टेपांचे ढीग लागले होते. कोणाचं लग्न, कोणाचं बारसं, कोणाला पत्ता नाही. हिने पिशवी छातीशी धरली.

"इथे ठेवायच्या? हरवल्या तर?"

आणि मी म्हणालो, "अगं, त्यात काय एवढं? घरी कॉम्प्युटर आहे. मी करतो."

हिने सवयीने भिंतीकडे पाहिलं. मग पिशवीकडे पाहिलं. आणि एक सुस्कारा टाकून ती म्हणाली, "बरं."

त्या टेपांचं महत्त्व सांगितल्याशिवाय तुम्हाला माझ्या शौर्याची कल्पना यायची नाही. माझ्या सासऱ्यांना व्हिडिओ कॅमेऱ्याचं वेड होतं. कॅमेरा म्हणजे आतासारखा खिशात मावणारा नव्हे. तो खांद्यावर घ्यावा लागे, आणि उतरवल्यावरही सासरे बराच वेळ तिरकेच चालत. त्याची बॅटरी लगेच मान टाकायची, म्हणून घरात शूटिंग असलं की भिंतीतल्या प्लगपासून त्यांच्या खांद्यापर्यंत एक लांबलचक वायर पसरलेली असे. कॅमेरा ते दुसऱ्या कोणाच्याही हातात देत नसत. त्यामुळे झालं काय, की पिशवीभर टेपा आहेत, त्यात घरातलं माणूस न् माणूस आहे, शेजाऱ्यांचं मांजर आहे, पण सासरे एकाही टेपेत दिसत नाहीत. त्यांचा फक्त आवाज आहे. कॅमेऱ्यामागून येणारा.

सासरे जाऊन आता बरीच वर्षं झाली. मागच्या महिन्यात सासूबाई फोनवर हिला सहज बोलल्यासारखं बोलल्या, "चेहरा आठवतो गं. फोटो आहे ना समोर. पण ह्यांचा आवाज काही केल्या आठवेना झालाय. कसे बोलायचे गं हे?"

हिने फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन धुतलेली भांडी पुन्हा धुतली. दुसऱ्या दिवशी ती माहेरी जाऊन टेपा घेऊन आली. रविवारी सासूबाईंचा वाढदिवस होता. त्या दिवशी त्यांना तो आवाज ऐकवायचा, असं तिने ठरवून टाकलं होतं.

टेपा चालवायला व्हीसीआर हवा. तो आमच्या वरच्या मजल्यावरच्या अडगळकाकांकडे असणार याची मला खात्री होती. या गृहस्थांनी आयुष्यात एकही वस्तू फेकलेली नाही. त्यांच्याकडे बंद पडलेली सात-आठ घड्याळं आहेत, आणि 'एखादं तरी बरोबर वेळ दाखवतंच' असं त्यांचं म्हणणं आहे. त्यांनी पलंगाखालून व्हीसीआर काढला, फुंकर मारली, आणि आम्ही दोघंही खोकत खाली आलो.

व्हीसीआर आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये लावायची एक डबी मी बाजारातून आणली. डबीला तीन वायरी. पिवळी, लाल आणि पांढरी. पिवळी लावली आणि कॉम्प्युटरवर चित्र दिसलं! मी इतक्या जोरात ओरडलो की हिने मेन स्विचकडे धाव घेतली.

"अगं, थांब! चाललं!"

ती दारातच थबकली. लाल-पांढऱ्या वायरीही मी दिसतील त्या भोकांत लावून टाकल्या. मग कॉम्प्युटरने काहीतरी विचारलं. आता, मी आमच्या ऑफिसात आवक विभागात आहे. माझ्यासमोर दिवसभर कागद येतात आणि मी त्यांवर 'पाहिले' असा शिक्का मारून पुढे ढकलतो. वाचत बसलो तर पुढचा कागद अडतो. त्यामुळे कॉम्प्युटरने जे काही विचारलं असेल त्यावर माझ्या बोटाने आपोआप 'ओके' दाबलं. त्याने पुन्हा विचारलं. पुन्हा ओके. यंत्राशी वाद कशाला घालायचा?

तेवढ्यात ही म्हणाली, "आवाज बंद करा."

"का?"

"मला आत्ता तुकड्यातुकड्यांनी बाबांचा आवाज नाही ऐकायचा. आईबरोबरच ऐकीन. रविवारी." असं म्हणून तिने स्वतःच टीव्हीचा आणि कॉम्प्युटरचाही आवाज बंद केला आणि लगेच बाहेर गेली. म्हटलं, या बाईसाठी जगातल्या सगळ्या टेपा डिस्कवर करीन.

पण एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. टेप जेवढी लांब, तेवढाच वेळ तिला लागतो. पुढे पळवता येत नाही. म्हणजे हिचं बालपण जेवढं सासऱ्यांनी चित्रित केलं होतं, तेवढं सगळं मला बसून काढायचं होतं, तेही मुक्याने. ऑफिसला दांडी मारण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ही कामावर गेली की मी, व्हीसीआर आणि बिस्किटांचा डबा असे तिघेच घरात. (डॉक्टरांनी मला साखर बंद केली आहे. पण यंत्राजवळ बसून राहणं हे कष्टाचं काम आहे, आणि कष्टाला खाणं लागतं.)

माणूस एकटा असला की बोलतो. मीही बोललो. पडद्यावरच्या लोकांशी गप्पा मारल्या, मेहुण्याची थट्टा केली, मध्ये थोडा डोळाही लागला. एका टेपेत तर मी स्वतःच दिसलो! आमचं लग्न झाल्यानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला गेलो होतो तेव्हाचा. सडपातळ, डोक्यावर भरगच्च केस, हातात कपबशी. सासऱ्यांनी कॅमेरा माझ्यावर इतका वेळ रोखून धरला होता की मला भरून आलं. मध्येच त्यांनी चित्र माझ्या पायांपर्यंत नेलं, पुन्हा चेहऱ्यावर आणलं. मी गोड हसत मान डोलावत होतो. जावयाचं नखशिखान्त कौतुक, दुसरं काय! नंतर एकदम अंधार झाला. म्हटलं, सासऱ्यांनाही गहिवरून आलं असेल, म्हणून बंद केला असेल कॅमेरा.

शनिवारी सगळ्या डिस्क तयार झाल्या. प्रत्येक डिस्क मी पुन्हा लावून तपासली. आवाज अर्थातच बंद ठेवून, कारण हिला दिलेला शब्द म्हणजे शब्द. चित्रं आरशासारखी स्वच्छ होती. प्रत्येकीवर मी मार्करने झोकदार अक्षरांत लिहिलं, 'पाहिले'. आणि व्हीसीआर परत करताना, आता या अडगळीचं काय करायचं म्हणून टेपांची पिशवीही अडगळकाकांच्या हवाली करून टाकली.

रविवारी सासूबाई आल्या. बरोबर त्यांचा मुलगा, म्हणजे माझा मेहुणा. व्हीसीआरचे मालक म्हणून अडगळकाकाही येऊन मोक्याच्या खुर्चीत बसले. सासूबाईंनी ठेवणीतली साडी नेसली होती. टीव्हीपुढे बसताना त्यांनी पदर सारखा केला, नवऱ्यासमोर बसताना करतात तसा. ही त्यांचा हात धरून शेजारी बसली. खोलीत इतकी शांतता पसरली की मला माझ्याच पोटातला आवाज ऐकू आला.

मी डिस्क लावली. आवाज पूर्ण मोठा केला.

पडद्यावर खिडकी दिसली. खिडकीत तरुण सासूबाई, ओले केस मोकळे सोडलेल्या. त्यांनी लाजून चेहऱ्यापुढे हात धरला. त्यांचे ओठ हलले. सगळ्यांनी कानांत प्राण आणले. आणि टीव्हीतून खणखणीत आवाज आला:

"साहेब, उठवतच नाही हो! अंगात सणकून ताप आहे. नाही नाही, डॉक्टर म्हणाले, बोलायचंसुद्धा नाही."

आवाज माझा होता.

त्यापाठोपाठ डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज. मग कुरुम कुरुम. पडद्यावर तीन चाकी सायकलवर बसलेली छोटी ही तोंड उघडून गात होती, आणि तिच्या तोंडातून बिस्किटं चावल्याचा आवाज येत होता.

हिने हळूच मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "ताप कधी आला होता तुम्हाला?"

मी रिमोट शोधू लागलो. रिमोट अडगळकाकांच्या मांडीवर होता आणि त्यांनी तो घट्ट धरला होता. "थांबा हो," ते म्हणाले, "रंगलंय."

पडद्यावर सासूबाई कॅमेऱ्याकडे बोट नाचवत कोणालातरी दटावत होत्या. त्यावर माझा आवाज आला, "फक्त काकडी खाल्ली गं. शपथ! बिस्किटांचा डबा कुठे आहे हेसुद्धा मला माहीत नाही." आणि पुन्हा झाकण. पुन्हा कुरुम कुरुम.

पुढे मेहुणा दिसला. वय लहान, ताट मोठं. "हा बघा आमचा मेहुणा," मी टीव्हीतून म्हणालो, "तेव्हापासून दुसऱ्याच्या ताटावर डोळा. परवा आला होता तर अख्खा डबा रिकामा करून गेला, आणि आळ माझ्यावर!"

"भावोजी!" मेहुणा उठून उभा राहिला. "मी गेल्या खेपेला पाणीसुद्धा न पिता गेलो होतो!"

मग घोरणं सुरू झालं. पडद्यावर कोणाचंतरी भाषण चाललं होतं. वक्ते हात उंचावून घोरत होते, श्रोते टाळ्या वाजवत होते. अडगळकाका हसता हसता खुर्चीवरून घसरले. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आमची इमारत मजबूत निघाली.

आणि मग, पडद्यावर ही फ्रॉक घालून कॅमेऱ्याकडे धावत येत असताना, माझा आवाज एकदम मऊ झाला. "बाबा, तुमच्या लेकीला सांगू नका, पण ती अजून अशीच हसते. दात दाखवून, डोळे मिटून. मी काही मोडलं की रागावते आधी, पण मग असंच हसते. म्हणून मी अधूनमधून मोडतो काहीतरी."

ही जमिनीकडे बघत पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत होती. मेहुणा खाली बसला.

मग सासूबाईंनी विचारलं, "जावईबापू, ह्यांचा आवाज कुठाय?"

रागाने विचारलं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी पाहुण्याने पत्ता विचारावा तसं विचारलं. तोपर्यंत माझ्या लक्षात आलं होतं. कॉम्प्युटरच्या डोक्यावर मेहुण्याने भेट दिलेला छोटा कॅमेरा बसवलेला होता, सासूबाईंना आमच्याशी बोलता यावं म्हणून. त्याला डोळा असतो हे मला माहीत होतं. त्याला कानही असतात हे आत्ता कळलं. कॉम्प्युटरने टेपेतला आवाज घेतलाच नव्हता. त्याने आमच्या खोलीतला आवाज घेतला होता. सगळ्या डिस्कवर.

"टेपा!" ही उठली. "टेपा आहेत ना? टेपा कुठे आहेत?"

"काकांना दिल्या," मी म्हणालो.

"दिल्या?"

"परत हव्यात असं थोडंच सांगितलं होतं," अडगळकाका म्हणाले. "मला वाटलं, गच्चीवरच्या टोमॅटोंसाठी दिल्यात."

"टोमॅटोंसाठी?"

"टेपेची फीत काढून झाडांवर ताणली की ती वाऱ्याने फडफडते, उन्हात चमकते. पाखरं फिरकत नाहीत."

मी आयुष्यात जिने चढलेलो आहे, पण तसा नाही. पुढे ही, मागे मेहुणा, त्यामागे मी, आणि सगळ्यांत मागे एकेक पायरी धरून सासूबाई. गच्चीचं दार उघडलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. कुंड्यांच्या रांगेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत काळ्या चकचकीत फिती फडफडत होत्या. उन्हात लखलखत होत्या. ही पहिल्या कुंडीपाशी जाऊन उभी राहिली आणि तिने एक फीत हातात धरली. मी तिच्याकडे पाहायचं धाडस केलं नाही. मिक्सर नवा आणता येतो, गीझर नवा आणता येतो. हे कुठल्या दुकानातून आणणार होतो मी?

मागून धापा टाकत काका पोहोचले. "अहो, ती माझी! माझ्या निरोप समारंभाची टेप आहे ती. ऑफिसातल्या लोकांची नुसती भाषणं. पाखरांनासुद्धा सहन होत नाहीत."

"आणि आमच्या?"

"टोमॅटोंना माझीच पुरली. तुमच्या पुढच्या महिन्यात लावणार होतो, वांग्यांना. पलंगाखाली आहेत." आणि मग थोडं दुखावल्यासारखं ते म्हणाले, "मी काही फेकत नाही हो."

मी त्यांना मिठी मारली. घड्याळांसकट सगळं माफ केलं.

पिशवी आणि व्हीसीआर पुन्हा खाली आले. मी तोंड उघडलं, "मी क..."

"तुम्ही," ही म्हणाली, "तिथे बसा. हात मांडीवर."

मी हात मांडीवर ठेवून बसलो. हिने पिवळी वायर पिवळ्या भोकात घातली, लाल लालात, पांढरी पांढऱ्यात. कॉम्प्युटरने काहीतरी विचारलं. हिने चष्मा लावून ते वाचलं.

"'आवाज कुठून घ्यायचा,' असं विचारतोय. तुम्हाला विचारलं होतं हे?"

"विचारलं असेल."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"ओके."

तिने कपाळावर हात मारला, योग्य तिथे टिचकी मारली आणि टेप सुरू केली.

खिडकी. ओले केस. चेहऱ्यापुढे धरलेला हात. थोडी खरखर. आणि मग कॅमेऱ्यामागून, अगदी जवळून, भारदस्त पण हसरा आवाज आला.

"अगं, हात बाजूला घे ना. दिसू दे की जरा."

इकडे सासूबाईंनी तोंडावर हात धरला होता. तो त्यांनी खाली घेतला.

"केस ओले आहेत माझे," पडद्यावरच्या सासूबाई म्हणाल्या. "पुरे झालं आता."

"असू देत," आवाज म्हणाला. "असेच बरे दिसतात."

"असेच बोलायचे," सासूबाई म्हणाल्या. "अस्सेच. बघ ना, मी कशी विसरले होते गं?" आणि त्या रडू लागल्या. ही रडू लागली. मेहुणा खिडकीपाशी जाऊन बाहेर बघू लागला. अडगळकाकांनी खिशातून रुमाल काढला, तो बहुधा त्यांच्या शाळेतला असावा. मी हात मांडीवर ठेवूनच रडलो, कारण हलायची परवानगी नव्हती.

सासूबाई मुक्कामालाच राहिल्या आणि एकामागून एक टेपा लागल्या. आणि मग माझी टेप आली. सडपातळ मी, भरगच्च केस, हातात कपबशी.

मी सावरून बसलो. सगळ्यांना म्हणालो, "आता ऐका. माझ्याबद्दल काय बोललेत ते ऐका!"

"जावईबापू," सासऱ्यांचा आवाज आला. "वायर."

पडद्यावरचा मी गोड हसलो.

"वायरीवर पाय आहे तुमचा." कॅमेरा माझ्या पायांपर्यंत गेला. टाचेखाली वायर होती. कॅमेरा पुन्हा चेहऱ्यावर. मी मान डोलावली. "पाय उचला. अहो, ओढू नका! अगं, यांना कोणीतरी सांगा. वायर! जावईबापू, वायर!"

अंधार.

त्या अंधारात सगळ्यांत आधी सासूबाई हसल्या. डोळ्यांत पाणी तसंच असताना त्या पोट धरून हसल्या. मग ही हसली. दात दाखवून, डोळे मिटून. तेवढा तुकडा त्यांनी माझ्यासमोर पुन्हा पुन्हा लावला. जाताना सासूबाईंनी दोन्ही प्रकारच्या डिस्क मागून घेतल्या, सासऱ्यांच्या आवाजाच्या आणि माझ्या आवाजाच्याही. दुसऱ्या कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "झोप लागत नाही तेव्हा घोरणं ऐकेन. ह्यांचं घोरणं काही टेपेत नाही."

नव्या डिस्कवर हिने स्वतःच्या हाताने 'ऐकले' असं लिहून ठेवलं आहे. आणि हल्ली मी घरात 'मी करतो' म्हणालो, तर ती मेन स्विचकडे जात नाही. तेवढा तुकडा तिने मोबाइलमध्ये भरून घेतला आहे. ती जागेवरून हलत नाही, नुसतं बटण दाबते. कॅमेऱ्यामागून सासरे ओरडतात, "वायर! जावईबापू, वायर!"

आणि मी, हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन, मुकाट्याने पाय उचलतो.